राखणीचा घास

फोन वाजला तेव्हा बजाबाई बिरोबाच्या देवळापुढं भंडाऱ्याचं ताट मांडत होती. हाताला हळद, पदराला हळद. फोन कानाला लावला तसा गालही पिवळा झाला.

"आई, कुर्डुवाडी सोडली बघ," अमृत म्हणाला. मागं पिकअपचं इंजिन घुरघुरत होतं, त्यात तान्ह्याचं रडणं मिसळलं होतं, आणि त्या दोन्हींच्या वर चढून तिसराच एक आवाज आला. जाडा, खर्जातला, एकदाच.

बजाबाईनं फोन कानाशी आणखी दाबला.

"त्यो बोलला व्हय रं?"

"सकाळधरनं बोलतोय. मागच्या फाळक्यावर पाय टाकून उभा हाय. उत्कर्षा म्हणती, त्याला आपल्या माळाचा वास लागलाय."

"बाळ कसं हाय?"

"आत्ता विचारलंस! आधी कुत्रं, मग नातू." अमृत हसला. मग त्याचा आवाज खाली आला. "पर आई, ठरलंय ते ठरलंय. मी गाडी देवळापुढं आणतो. तितं कुत्र्यापुढं कच्चं पडलेलं दिसलं, तर ढग्याला खाली उतरवत न्हाई. उत्कर्षा आन् बाळ उतरतील, आन् त्यो आल्या पावली केमला माघारी. सासऱ्यांनी त्याच्यासाठी रानात छप्पर घातलंय. कायमचा ठिवून घेतो म्हणत्यात."

"कळलं."

"रागावू नगंस. घरात आता तान्हं हाय."

"रागावत न्हाई. तू गाडी जपून चालव. खड्ड्यात आदळली तर दोन लेकरं हायत मागं-पुढं."

तिनं फोन पदराच्या टोकात बांधला. मोहोळच्या रस्त्यावरून आत वळलेली ही मेंढपाळांची वाडी. आज तिची जत्रा. ढोल तापवायला उन्हात ठेवले होते. पोरी पाळण्यापुढं रांगा लावून उभ्या होत्या. चैत्राचं ऊन असं होतं की देवळाचा कळस बघायला डोळ्यांवर हात धरावा लागे. आणि बजाबाईच्या काळजात त्या उन्हापेक्षा मोठा जाळ पेटला होता. ढग्या येत होता. उतरणार का नाही, ते मात्र तिलाच आज ठरवायचं होतं. तेही सगळ्या वाडीपुढं.

*

ढग्या गेला तो बजाबाईच्या आजारपणात.

उजव्या बरगडीखाली दुखायचं. आधी वाटलं पित्त आहे, मग वाटलं ओझं उचललं म्हणून असेल. शेवटी सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात मशीन फिरवलं तर आत फुगा दिसला. लिव्हरमध्ये, पाण्यानं भरलेला, कवठाएवढा. कित्येक वर्षं गुपचूप वाढत बसलेला. तो न फुटता काढायचा म्हणून डॉक्टरांनी फार जपून आपरेशन केलं. बजाबाईला ओव्या रचायचा नाद. खाटेवर पडल्या पडल्या, टाके ओले असतानाच, तिच्या तोंडून निघालं:

*नऊ मास न्हाई भरले, न्हाई लागली गं कळ*
*पोटामंदी माझ्या होतं, पाण्याचं गं फळ*

आपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई भुवनेश्वरी अक्कलकोटकडच्या. बोलताना शब्दाच्या शेवटी कन्नडचा हेल यायचा. ओवी ऐकून त्या हसल्या आणि खाटेच्या कडेलाच बसल्या.

"हे फळ कुठून आलं, माहीत आहे का हो बजाबाई?"

"न्हाई बा."

"कुत्र्याच्या आतड्यात एक जंत असतो. तांदळाच्या कणीपेक्षा मोठा नाही. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात. गवतावर जातात, पाण्यात जातात, भाजीवर जातात, कुत्र्याच्या केसांत राहतात. ते गवत मेंढरू खातं, त्याच्या पोटात फुगा होतो. आपण कुत्र्याला कुरवाळतो, हात न धुता भाकरी खातो, आपल्या पोटात फुगा. आणि मेंढरू कापल्यावर तो फुगा कच्चा कुत्र्याला घातला, की त्याच्यात पुन्हा जंत."

बजाबाईनं हवेत बोट गोल फिरवलं. "म्हंजी फिरतंच ऱ्हातंय. जात्यागत."

"बरोब्बर जात्यागत."

"मग मटण खाऊन न्हाई हुत?"

"शिजलेल्या मटणातून हे होत नाही. कुत्र्यातून होतं. पण कुत्र्याला कोण देतं?"

बजाबाईनं आपल्या हाताकडं बघितलं. कोण देतं ते तिला ठाऊक होतं.

"जातं थांबवायचं तर काय धरता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"खुंटा."

"मग धरा की."

पण खुंटा धरायच्या आधीच घरच्यांनी जातंच उचलून बाहेर ठेवलं होतं. सगळ्या बोलण्यातला 'कुत्रा' एवढाच शब्द घेऊन अमृत घरी आला होता. बजाबाई दवाखान्यातून परतली तर अंगणात नुसता साखळदंड. ढग्या केमला, उत्कर्षाच्या माहेरी, रानात. पावसाळी ढगाच्या रंगाचं ते जनावर. लांडग्याच्या तोंडातलं कोकरू ओढून आणणारं. बजाबाई जेवायला बसली की अंतर ठेवून, पाठ करून बसणारं. कुणी खाताना बघू नये, एवढी त्याला रीत होती.

त्या आठवड्यात बजाबाईनं भाकरी केली ती नेहमीएवढीच. रोज एक उरायची.

मग तिनं जीव लावून सगळं समजावलं. अमृतला, सुनेला, व्याह्यांना. केमला ढग्याला वेळच्या वेळी जंताचं औषध सुरू झालं. अखेर अमृत इतकं बोलला: "ढग्याचं औषध मी सांभाळीन. पर जत्रंत रिवाज हाय तसाच ऱ्हायला, तर औषध देऊन उपेग काय?"

*

रिवाज असा. जत्रेचा मानाचा मेंढा पडला की त्याची कलेजी आधी राखणदाराला. म्हणजे कळप राखणाऱ्या कुत्र्याला. कच्ची, ऊन ऊन, हातावरून. राखणदाराचं तोंड हलल्याशिवाय वाडीत चूल पेटत नसे. घास द्यायचा मान बजाबाईच्या घराचा. सासूनं दिला, मग तिनं. आणि घास देताना म्हणायची ओवीही त्या घराचीच:

*माळावर वारा सुटं, मेंढरं गं निजली*
*राखणीच्या डोळ्यांवर, चांदणी गं भिजली*

*पहिला रं घास तुला, राखणीच्या राजा*
*तुझ्या रं भुंकण्यानं, कळप निजं माझा*

माणसाआधी कुत्र्याला. किती गोड रीत! ती मोडायची बजाबाईची छाती नव्हती, आणि इच्छाही नव्हती. तिला फक्त मधे एक हंडा ठेवायचा होता.

म्हणून आज तिनं सकाळीच देवळामागं तीन दगड मांडले, लाकडं रचली आणि पाण्यानं भरलेला हंडा शेजारी ठेवला. शेजारी एक खड्डाही खणून घेतला होता, कमरेएवढा.

तेवढ्यात आबासाहेब आले. बजाबाईचे धाकटे दीर, जत्रेचे मानकरी. यंदाचा मेंढाही त्यांचाच. मागं त्यांचा कुत्रा वादळ, आणि वादळाच्या गळ्यात हात टाकून त्यांची नात चिमी. चिमीच्या हातात बिस्कीट होतं. एक तुकडा वादळाला, त्याच हातानं एक तुकडा तोंडात.

"वैनी, ही लाकडं कशापायी?"

"चूल पेटवायला."

"राखणदार उपाशी आसताना?"

"राखणदारासाठीच, भावजी. यंदाचा घास शिजवून."

आबासाहेबांनी पटक्याचा शेमला पाठीवर टाकला. भांडण काढायचं असलं की ते असंच करत. भोवती माणसं जमायला लागली.

"सोलापूरच्या डाक्टरांनी तुमच्या पोटातनं नक्की काय काढलं वैनी? फुगा, का बिरोबाची भक्ती?"

माणसं हसली. बजाबाईही हसली.

"भक्ती कशी निघंल? ती पोटात नसती. तुमची आसंल पोटात, म्हणून तर ती मटणाच्या दिवशीच जागी हुती."

आता हसणं दुप्पट झालं. पाळण्याच्या रांगेतल्या बाया जागा सोडून इकडं आल्या. आबासाहेबांचे कान लाल झाले.

"माझ्या मेंढ्यात खोट काढताय व्हय? मक्याच्या दाण्यावर वाढवलाय त्याला. पोटच्या पोरागत!"

"त्याला मका घातला, खरं. पर चरला त्यो आपल्याच माळावर की. तितं वादळ बी फिरतंय."

"लावा पैज मग!" आबासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "कलेजी जांभळावाणी स्वच्छ निघाली, तर रिवाज हाय तसा. घास कच्चा, माझ्या वादळाला, आन् ओवी तुमच्याच तोंडानं. त्यात एक जरी फुगा दिसला, तर आधी तुमची चूल."

"लावली!" बजाबाई म्हणाली.

म्हणाली, आणि जीभ चावली. फुगा काय प्रत्येक मेंढरात असतो? यंदाची कलेजी स्वच्छ निघाली म्हणून पुढच्या जत्रेची निघेल होय? हे पैजेवर लावायचं बोलणंच नव्हतं. पण ढोल वाजायला लागले होते, दिलेला शब्द सगळ्यांनी ऐकला होता, आणि पदराच्या टोकात फोन पुन्हा वळवळायला लागला.

"आई, मोहोळात शिरतोय. आलोच बघ!"

आता तिला अमृतनं जरा हळू यावं असं वाटायला लागलं. आणि त्याच वेळी, गाडी उडत यावी, असंही.

*

ढोल असे घुमले की पायाखालची माती उचलून पडायला लागली. कैताळांचा झणत्कार, भंडाऱ्याचे पिवळे ढग, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" अशी हाळी. गजी नाचणाऱ्यांच्या रुमालांनी आभाळ भरलं.

मेंढा दस्तगीर मुलाण्याच्या हातून पडला. वाडीच्या जत्रेत तो मान त्याच्या घराचा. हात एवढा हलका की जनावराला कळायच्या आत सगळं उरकायचा. कातडं उतरलं. माणसांनी कडं केलं. बजाबाई आणि आबासाहेब दोघं समोरासमोर, मधे दस्तगीर.

"दस्तगीरभाऊ, नीट बघा हं," बजाबाई म्हणाली.

दस्तगीरनं आत हात घातला आणि कलेजी बाहेर काढली. परातीत ठेवली. वरून पाणी ओतलं. उलटली. पाकळी पाकळी बाजूला करून बघितली. उन्हात ती अशी चकाकली की पिकलं जांभूळ लाजावं.

एकही फुगा नव्हता.

"चांगभलं!" आबासाहेब ओरडले. त्यांच्या पटक्यावर कुणीतरी मूठभर भंडारा टाकला. ढोलवाल्यानं जोरात थाप दिली. "घ्या वैनी, तोडा घास! माझं वादळ कधीचं वाट बघतंय."

वादळ खरंच पुढ्यात येऊन बसलं होतं. शेपटीनं धूळ झाडत होतं. त्याच्या शेजारी चिमी, तिच्या गालावर त्याच्या जिभेचा ओला पट्टा.

बजाबाईनं परात हातात घेतली. शब्द म्हणजे शब्द. रस्त्याकडं बघितलं, लांब, बाभळींच्या पलीकडं धूळ उठली होती. पांढरी पिकअप असणार. तिच्या मनात आलं, ढग्याला नुसतं लांबून बघता येईल. फाळक्यावर पाय टाकून उभा असेल. हाक मारली तर उडी टाकेल, म्हणून हाकही मारायची नाही.

तिनं ओवी धरली.

"*माळावर वारा सुटं...*"

सूर चिरकला. बायांनी एकमेकींकडं बघितलं. बजाबाईची ओवी कधी चिरकली नव्हती. तिनं पुन्हा धरली.

"*माळावर वारा सुटं, मेंढरं गं निजली...*"

इकडं ओवी चालू आणि तिकडं दस्तगीरचे हात चालू. कलेजीचा मान झाला, आता बाकीचं काम. त्यानं फुप्फुस काढलं आणि न बघता, हाताच्या सवयीनं, बाजूला भिरकावलं. दरवर्षी भिरकावायचा. देवळाच्या त्या कोपऱ्यात जत्रेची कुत्री टपून बसलेली असतात, हे त्याच्या हाताला पाठ होतं. घास म्हणून कलेजीचा केवढा थाट, आणि फुप्फुस नुसतंच उडायचं. तो रिवाजही नव्हता. त्याकडं कधी कुणी बघितलंच नव्हतं.

आज बजाबाईनं बघितलं. फुप्फुस हवेत उलटलं तेव्हा त्याच्या गुलाबी अंगावर पांढरट, ताणलेलं काहीतरी चमकलं. लिंबाएवढं. त्याच्या शेजारी दुसरं, बोराएवढं.

ओवी तिथंच तुटली.

"भावजी! फुप्फुस! वादळाला धरा!"

वादळानं मानाचा घास सोडून केव्हाच झेप घेतली होती. आणि वादळ जिकडं, तिकडं चिमी. "माझं वादल, माझं वादल," करत ती मागं धावत सुटली.

आबासाहेबांनी त्या फुप्फुसाकडं बघितलं. पांढऱ्या फुग्याकडं बघितलं. मग वादळाच्या गळ्यात पडायला निघालेल्या नातीच्या, बिस्किटानं माखलेल्या हाताकडं बघितलं. पैज, मान, पटका सगळं तिथंच टाकून तो साठीचा माणूस आडवा झेपावला. धप्प!

वादळाच्या जबड्यात एक टोक, आबासाहेबांच्या मुठीत दुसरं.

"सोड! सोड की मुडद्या! घरचा धनी हाय मी!"

वादळाला वाटलं खेळ चाललाय. ते शेपूट हलवत मागं ओढायला लागलं. आबासाहेब पालथे, धोतराचा सोगा सुटलेला, टक्कल उन्हात चमकतंय, तोंडात माती आणि शिव्या. कडं फुटलं. दस्तगीर "अरे भाई, सोड त्याला!" म्हणत धावला, कुत्र्याला म्हणत होता की आबासाहेबांना, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. बजाबाईनं परात शेजारच्या बाईच्या हातात दिली, चिमीला उचलून कडेवर घेतलं आणि पायातली चप्पल वादळाच्या पुढ्यात आपटली. वादळ दचकलं. पकड सुटली. आबासाहेब फुप्फुसासकट मागं कलंडले.

आणि नेमका त्याच घडीला पिकअपचा हॉर्न वाजला.

अमृतनं काचेतून काय बघितलं असेल? देवळापुढं गर्दी, मधे कुत्रं, कुत्र्यापुढं कच्चं, लालभडक. तो उतरलाच नाही. बजाबाईला त्याचं तोंड दिसलं. रडायला आलेल्या लहान पोराचं होतं तसं. त्यानं बायकोला काहीतरी सांगितलं, आणि गाडी मागं सरकायला लागली. हौद्यात ढग्या फाळक्यावर पाय टाकून उभा होता. त्यानं बजाबाईला बघितलं होतं. तो भुंकला नाही. त्याच्या घशातून एक लांबट, बारीक सूर निघाला, आणि गाडीबरोबर मागं मागं जायला लागला.

"अमृतऽऽ!" बजाबाई धावली. कडेवर चिमी, पायात एकच चप्पल.

पण तिच्या आधी आबासाहेब सुटले. उघड्या डोक्यानं, हातात ते फुप्फुस झेंड्यासारखं वर धरून.

"आरं थांब! थांब की भाड्या! काढलंय! तोंडातनं वढून काढलंय! हे बघ!"

असा माणूस गाडीच्या आडवा आल्यावर ब्रेक न दाबणारा ड्रायव्हर सोलापूर जिल्ह्यात तरी नसेल. गाडी थांबली. खिडकीतून उत्कर्षानं डोकं बाहेर काढलं, बाळाला छातीशी धरून.

"मामंजी," ती म्हणाली, "आदी हातातलं ते खाली ठिवा. बाळ भिईल."

हसू आधी तिलाच फुटलं. मग अमृतला. मग सगळ्या जत्रेला.

*

दस्तगीरनं सुरीच्या टोकानं फुगा चिरला. आतून स्वच्छ पाणी आलं, आणि पाण्यामागून पांढरी, अंड्याच्या पडद्यासारखी पिशवी.

"आजवर किती फेकले असतील," दस्तगीर हळूच म्हणाला. "पाण्याचे फोड म्हणायचो आमी. फेकून द्यायचो, झालं."

"माझ्यात ह्योच हुता," बजाबाई म्हणाली. "कवठाएवढा."

कुणी हसलं नाही.

आबासाहेब खाली बसले होते. "माझ्या मेंढ्यात आला कुटनं, वैनी?"

"वादळाकडनं."

"आन् वादळाला?"

"तुमच्या-माझ्या हातनं. जातं हाय ते. आज खुंटा घावला बघा."

आबासाहेबांनी चिमीचा हात ओढून घेतला आणि पडलेल्या पटक्याच्या टोकानं तो पुसायला लागले. पुसून पुसून लाल केला. बजाबाईनं कमरेच्या पिशवीतून साबणाची वडी काढून पुढं केली. "पुसून न्हाई जात. धुवा. आन् उद्या वादळाला जनावरांच्या दवाखान्यात न्या, औषध पाजा. चिमीलाबी एकदा सोलापूरला दाखवून आणू. माझ्या डाक्टरीणबाई लई मायाळू हायत."

आबासाहेबांनी मान हलवली. मग उठले, फुप्फुस स्वतःच्या हातानं खड्ड्यात टाकलं, वर माती लोटली आणि कुत्र्याला उकरता येऊ नये म्हणून दोघांना न उचलणारा दगड एकट्यानं लोटत आणून वर ठेवला. हात धुतले. पटका बांधला. शेमला पाठीवर टाकला.

"पर एक सांगतो," ते सगळ्यांकडं वळून म्हणाले, "पैज मीच जिकली! कलेजी स्वच्छ हुती."

"व्हय की," बजाबाई म्हणाली. "तुमीच जिकली."

"मग माझा रिवाज."

अमृतचा हात पिकअपच्या दाराकडं गेला.

"माझा रिवाज," आबासाहेब म्हणाले, "आसा, की राखणदाराच्या आदी कुणाची चूल पेटायची न्हाई. म्हणून पयली चूल त्याचीच पेटंल. आना रं काडेपेटी!"

ढोल असा कडाडला की बाभळीवरचे होले उडाले. लाकडं वाळलेली; जाळ एका दमात वर आला. हंडा चढला. कलेजीचे तुकडे पाण्यात सुटले. ते चांगलं खळाखळा उकळेपर्यंत बजाबाईनं कुणाला झाकण उचलू दिलं नाही, आबासाहेबांनाही नाही.

अमृतनं फाळका खाली पाडला.

ढग्यानं उडी टाकली नाही. म्हातारा झाला होता थोडा. आधी पुढचे पाय, मग मागचे, असा मानानं उतरला. धुळीचा वास घेतला, दगड लोटलेल्या खड्ड्याचा घेतला, वादळाचा घेतला. मग सरळ बजाबाईकडं आला आणि तिच्या गुडघ्याला कपाळ टेकवून उभा राहिला. तिनं दोन्ही हात त्याच्या मानेत खुपसले. केस उन्हानं तापलेले. किती वेळ ती तशीच राहिली, आणि जत्राही तिच्याबरोबर राहिली.

मग ती उठली, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले आणि हंड्यातला तुकडा पानावर काढला. वाफ तिच्या तोंडावर आली.

ढग्या जिभेनं ओठ चाटत जवळ आला. नाक पुढं केलं, आणि झटकन मागं घेतलं. चटका! आजवर त्याच्या जन्मात घास कधी इतका ऊन नव्हता. त्यानं बजाबाईकडं असं बघितलं की आबासाहेबसुद्धा म्हणाले, "रागावलं बघा."

वाडी उपाशी उभी होती. घराघरांत चुली वाट बघत होत्या. पोरं कुरकुरत होती. आणि सगळी जत्रा एका कुत्र्याचा घास निवायची वाट बघत होती.

बजाबाई खाली बसली. पान हातात धरलं आणि त्या तुकड्यावर हळूहळू फुंकर घालायला लागली. शेजारी उत्कर्षा बाळाला घेऊन टेकली. बाळाला वाटलं फुंकर आपल्यासाठीच आहे. त्यानं डोळे मिटून घेतले. आणि दोन फुंकरांच्या मधे, आता अजिबात न चिरकणाऱ्या आवाजात, बजाबाईनं नवी ओवी धरली:

*हंड्यामंदी उकळी आली, वाफ गेली वर*
*राखणीच्या राजा माझ्या, थोडा दम धर*

बायांनी शेवटचा चरण उचलला. ढोलवाल्यानं बोटांनीच ठेका दिला, हळू, बाळ उठू नये म्हणून.

ढग्यानं दम धरला. मग पान पुढं आलं, त्यानं घास उचलला, चार पावलं लांब गेला आणि सगळ्या जत्रेकडं पाठ करून खायला बसला.

"हललं! तोंड हललं!" आबासाहेब ओरडले. "पेटवा रं चुली!"